डी. सी. म्हणजे डोरोथी

डिसेंबर २०१९ चा पहिला आठवडा. सकाळची ठाणे-पनवेल, लेडीज डबा, मला चौथी सीट मिळालेली. ऐरोली गेलं, एका बाजूला डोंगर सुरू झाला आणि मोबाईलवर बातमी दिसली की स्टार ट्रेक या अमेरिकन अंतराळ-मालिकेच्या लेखक डी. सी. फाँटाना यांचं २ डिसेंबरला कॅलिफोर्नियात बरबँकला निधन झालं, वय ८०. बातमी इंग्रजीत होती आणि त्यात सगळीकडे 'शी' लिहिलं होतं. मला आधी टायपिंगची चूक वाटली. मग फोटो उघडला तर त्यात एक बाई हसत होत्या. खाली पूर्ण नाव, डोरोथी कॅथरीन फाँटाना.

इतकी वर्षं मी त्यांना पुरुष समजत होते. डी. सी. म्हणजे कोणीतरी डेव्हिड किंवा डॅनियल असणार, असं मी कधी ठरवलं तेही आठवत नाही, ते आपोआप ठरलं होतं. बेलापूर आलं, मी उतरले, ऑफिसला जाऊन पंच केलं, पण दिवसभर माझं कामात लक्ष नव्हतं. कारण त्या बातमीत आणखी एक गोष्ट होती. त्या सेक्रेटरी होत्या. दुसऱ्यांच्या स्क्रिप्ट टाइप करायच्या. मी पण स्टेनो आहे हो, तीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं टाइप करतेय.

आमच्याकडे टीव्ही आला तेव्हा आम्ही नौपाड्यात चाळीत राहायचो, दोन खोल्या आणि गॅलरी. ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, त्याला लाकडी सरकती दारं, वर आईने विणलेला क्रोशाचा रुमाल. रविवारी सकाळी दूरदर्शनवर स्टार ट्रेक लागायचं, ही रामायण सुरू व्हायच्या आधीची गोष्ट, मी तेव्हा अकरा वर्षांची असेन. इंग्रजी कोणालाच धड कळायचं नाही, दादाला थोडं कळायचं. बाबा वागळे इस्टेटला एका कंपनीत फिटर होते, रविवारी त्यांना सुट्टी, ते दाढी करता करता बघायचे, एका गालाला साबण तसाच. यानावरचा टोकदार कानांचा अधिकारी स्पॉक, त्याला ते 'कानवाला' म्हणायचे. "आला का कानवाला?" आणि त्यांना तो आवडायचा, कारण तो उगाच बोलत नाही आणि कामाला चोख.

त्या वर्षी बाबा आणि दादामध्ये अबोला होता. दादाने डिप्लोमा अर्धवट सोडला होता आणि तो गडकरी रंगायतनला येणाऱ्या नाटकांच्या मागे लागला होता, लाइट्सवाल्यांच्या हाताखाली, केबल ओढायच्या, स्पॉट धरायचा, रात्री दोनला घरी यायचा. बाबांनी कंपनीत साहेबांशी बोलून त्याच्यासाठी अप्रेंटिसची जागा बघून ठेवली होती. दादा मुलाखतीला गेलाच नाही. त्या दिवसानंतर बाबा त्याच्याशी बोलले नाहीत. आमच्याकडे भांडण म्हणजे आरडाओरडा नाही, आमच्याकडे भांडण म्हणजे "त्याला म्हणावं जेवून घे." दादा समोर दोन फुटांवर बसलेला असायचा, आणि बाबा आईला सांगायचे की त्याला म्हणावं. आणि आई खरंच परत म्हणायची, "जेवून घे रे." तिला ते वाक्य पोचवावंच लागायचं, नाहीतर ते पोचलंय असं धरत नसत.

त्यामुळे रविवारी स्टार ट्रेक बघताना दादा भाषांतर करायचा ते आईला उद्देशून. "आई, तो म्हणतोय की इंजिन बंद पडलंय." आईला त्या इंजिनाशी काही देणंघेणं नव्हतं, ती कांदा चिरत असायची. ऐकायचे बाबा.

एका रविवारी तो एपिसोड लागला. नाव मला फार नंतर कळलं, 'जर्नी टू बेबेल', अमेरिकेत तो नोव्हेंबर १९६७ मध्ये दाखवला होता. यानात वेगवेगळ्या ग्रहांचे राजदूत येतात, त्यातला एक व्हल्कन, म्हणजे स्पॉकच्याच ग्रहावरचा, सारेक नावाचा, सोबत त्याची बायको अमांडा, ती माणसातली, पृथ्वीवरची. कप्तान कर्क मोठ्या उत्साहाने सारेकला म्हणतो की आमचे मिस्टर स्पॉक तुम्हाला यान दाखवतील. आणि सारेक म्हणतो, मला दुसरा कोणीतरी द्या. कर्कला काही कळत नाही, तो स्पॉकला म्हणतो की आपण तुमच्या ग्रहावर आलोच आहोत तर खाली जाऊन आईवडिलांना भेटून या, तेव्हा स्पॉक शांतपणे सांगतो की हेच माझे आईवडील. मग अमांडा कर्कला सांगते की हे दोघं अठरा वर्षं एकमेकांशी बापलेकासारखं बोललेले नाहीत. का, तर बापाला मुलगा व्हल्कनच्या विज्ञान अकादमीत हवा होता आणि मुलगा स्टारफ्लीटमध्ये, म्हणजे या यानांच्या दलात, भरती झाला.

दादा ते सांगता सांगता थांबला. "आई, तो म्हणतोय..." आणि पुढे काही बोलेचना. आईची विळी थांबली होती. बाबा आरशात बघत होते, पण वस्तरा हलत नव्हता.

मग सारेकला हृदयाचा त्रास होतो, ऑपरेशन करायचं, रक्त लागणार, आणि त्याच्यासारखं रक्त यानात एकट्या स्पॉकचं. तो द्यायला तयार असतो. पण तेवढ्यात कर्कवर हल्ला होतो, त्याला भोसकतात, मागून एक अनोळखी यान पाठलाग करतंय, आणि यानाची जबाबदारी स्पॉकवर येते. तो म्हणतो, ही खुर्ची सोडून मला जाता येणार नाही. आई त्याच्या खोलीत येते, विनवते, रडते, आणि शेवटी त्याच्या थोबाडीत मारते.

आणि लाइट गेली.

चाळीतल्या सगळ्या खोल्यांतून एकदम 'हाऽऽ' असा आवाज आला, तो त्या काळच्या ठाणेकरांना सांगायला नको. टीव्हीच्या मधोमध पांढरा ठिपका राहिला, तो लहान होत होत गेला. आम्ही सगळे तसेच बसलो. थोड्या वेळाने बाबा कोणाकडेही न बघता म्हणाले, "पोराचं चुकत नाहीये. ड्युटी आहे ती." बास, एवढंच. हे वाक्य त्यांनी आईकडे दिलं नव्हतं, कोणाकडेच दिलं नव्हतं, ते खोलीत सोडून दिलं. दादा उठून गॅलरीत गेला.

लाइट दुपारी आली. शेवट कोणालाच बघायला मिळाला नाही, स्पॉकने रक्त दिलं का, बाप वाचला का, काही कळलं नाही.

हे सगळं ज्या व्यक्तीने लिहिलं ती डोरोथी. सारेक आणि अमांडा ही दोन माणसं पडद्यावर पहिल्यांदा आली ती तिच्याच लेखणीतून. (मी त्यांना अहो-जाहो सोडून 'ती' म्हणायला लागले की काय. असू दे, इतक्या जवळच्या बाईला अहो-जाहो नाही जमत.)

१९३९ साली न्यू जर्सीतल्या ससेक्स गावात जन्म. अकराव्या वर्षीच ठरवलं होतं की आपण कादंबऱ्या लिहायच्या, पण शिक्षण घेतलं सेक्रेटरीच्या कामाचं, कारण पोट भरायला काहीतरी हातात हवं. हे मला कोणी समजावून सांगायला नको. मी दहावीनंतर टायपिंगच्या क्लासला गेले ते असंच, मराठी तीस, इंग्रजी चाळीस, मग शॉर्टहँड, आणि क्लासच्या रेमिंग्टनवर सर बाहेर गेले की मी माझ्या गोष्टी टाइप करायचे, कार्बन लावून, दोन प्रती. तिने पहिली स्क्रिप्ट विकली ती एकविसाव्या वर्षी, 'द टॉल मॅन' नावाच्या काउबॉय मालिकेला, सॅम्युएल पीपल्स या निर्माता-लेखकाकडे सेक्रेटरी असताना. पुढे ती जीन रॉडेनबेरीकडे कामाला लागली, आणि त्याने स्टार ट्रेकची पहिली रूपरेषा तिला वाचायला दिली. असं सांगतात की वाचून तिने एकच विचारलं, हा स्पॉक कोण करणार? त्याने लेनर्ड निमॉयचा फोटो पुढे सरकवला.

मग 'धिस साइड ऑफ पॅरडाइज' या एपिसोडची एक स्क्रिप्ट अडून बसली होती. रॉडेनबेरीने तिला सांगितलं की ही नीट करून दाखवलीस तर तू स्टोरी एडिटर, म्हणजे सगळ्यांच्या स्क्रिप्ट तपासून नीट करणारी. मूळ कथेत प्रेमात पडणारा होता यान चालवणारा सुलू. तिने ते प्रेम उचलून स्पॉकच्या वाट्याला दिलं. म्हणजे जो माणूस भावना दाखवत नाही त्यालाच एका ग्रहावरच्या फुलांतून उडणाऱ्या बीजाणूंनी मोकळं केलं, तो हसतो, झाडाला लोंबकळतो, आणि शेवटी सगळा असर उतरल्यावर सांगतो की आयुष्यात पहिल्यांदा मी सुखी होतो. केवढा साधा बदल आहे बघा, फक्त माणूस बदलला आणि गोष्टीचं वजन बदललं. ती स्टोरी एडिटर झाली. सत्ताविशीत, हॉलीवूडमध्ये, १९६६ साली, जेव्हा त्या खुर्चीत बायका जवळजवळ नव्हत्याच.

नाव तिने आधीच आखूड केलं होतं. डोरोथी दिसलं की स्क्रिप्ट वाचायच्या आधीच लोकांचं मत तयार व्हायचं, अ‍ॅक्शन बाईला काय जमणार, म्हणून डी. सी. आता आपल्याकडे आद्याक्षरं म्हणजे काही नवल नाही, आपल्या निम्म्या वाङ्मयाला आद्याक्षरंच आहेत. पण ती आद्याक्षरं बहुतेक पुरुषांची. बायकांना लपायचं असलं की वेगळंच नाव घ्यावं लागलं. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' आलं ते विभावरी शिरूरकर या नावाने, आणि ही बाई आहे तरी कोण म्हणून गदारोळ झाला होता. आणि विज्ञानकथेचं म्हणाल तर १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची गोष्ट पहिली आली, लेखक नारायण विनायक जगताप. ते होते जयंत विष्णू नारळीकर, आद्याक्षरं उलटी केलेली, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून गोष्ट उतरवून काढली होती त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी. नारळीकर सर २०२५ च्या मे महिन्यात गेले तेव्हा ही आठवण खूप जणांनी सांगितली. मी तेव्हा डोरोथीचा विचार करत होते. सरांना नाव लपवावं लागलं कारण त्या नावाला आधीच मान होता, परीक्षक भारावले असते. तिचं नाव वाचून परीक्षकांनी पान उलटलंच नसतं. दोघांना हवं होतं तेच, आधी गोष्ट वाचा.

मी पण केलंय हे. १९९८ साली एका दिवाळी अंकाला गोष्ट पाठवली, चंद्रावरच्या वसाहतीत पाण्याचा हिशेब ठेवणाऱ्या एका कारकुनाची, आणि खाली नाव घातलं सु. रा. आणि आडनाव. छापून आली. संपादकांचं पत्र आलं, 'प्रिय महोदय'. मला आनंदच झाला होता. अंक घेऊन धावत बाबांकडे गेले. त्यांनी चष्मा लावला, गोष्टीचं पान काढलं, नावावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे कोण?" मी म्हटलं, मीच. ते म्हणाले, "एवढं छाटलंस कशाला?"

आता यात काय आहे ते सांगते. मी पाचवीत गेले तेव्हा बाबांनी माझ्या डब्यावर नाव घातलं होतं. भांड्याच्या दुकानात घालून देतात तसं नाही, कंपनीत जेवणाच्या सुट्टीत, तिथल्या मशीनवर, स्वतःच्या हाताने. माझं नाव, त्यांचं नाव, आडनाव, तीन ओळीत, बारीक ठिपक्याठिपक्यांचं देवनागरी, वेलांटी सुद्धा बरोबर वळवलेली. शाळेत बाकीच्यांच्या डब्यावर आजोबांची नाहीतर वडिलांची नावं असायची, लग्नात आलेली भांडी ती. माझ्या डब्यावर माझं होतं. आणि मी ते दोन टिंबांमध्ये बसवलं. मी काहीतरी उत्तर दिलं, की साहित्यात असंच असतं बाबा. त्यांनी अंक मिटून शेल्फवर ठेवला. गोष्ट त्यांनी नंतर वाचली की नाही हे मी कधी विचारलं नाही.

डोरोथीने नाव एकदाच नाही बदललं. दुसरी वेळ मला जास्त लागते. तिसऱ्या सीझनच्या आधी तिने स्टोरी एडिटरची नोकरी सोडली, बाहेरून स्क्रिप्ट द्यायला लागली. तिला एक गोष्ट लिहायची होती, यानावरच्या डॉक्टर मॅकॉयच्या मुलीची. जोआना तिचं नाव. घटस्फोट झालेला बाप, नोकरीपायी अंतराळात निघून गेलेला, आणि मोठी होऊन समोर उभी राहिलेली मुलगी. ती गोष्ट बदलली, बदलत बदलत तिच्यात अंतराळातले हिप्पी आले, गाणी आली, जोआना कुठल्या कुठे गेली आणि तिच्या जागी दुसरीच कोणीतरी मुलगी आली. 'द वे टू ईडन' म्हणून तो एपिसोड १९६९ मध्ये लागला. तिने आपलं नाव काढून घेतलं, श्रेयनामावलीत आलं मायकल रिचर्ड्स. पहिल्या वेळी नाव झाकलं ते लिखाण वाचलं जावं म्हणून, या वेळी झाकलं कारण ते लिखाण तिचं उरलं नव्हतं. पुरुषाचं अख्खं नाव तिने घेतलं ते फक्त नकोशा कामासाठी. मला हे योग्य वाटतं, नाव म्हणजे सही आहे, जे आपलं नाही त्यावर कशी करणार?

पण जोआना राहिली ती राहिलीच. बाप आणि मुलगा तिला दाखवता आले, ७९ एपिसोडच्या त्या मालिकेत ते अजून लोकांच्या लक्षात आहेत. बाप आणि मुलगी नाही दाखवता आली. मी कितीदा विचार केलाय की ती बापाशी काय बोलली असती. डोरोथीने त्यांना कुठल्या खोलीत बसवलं असतं, मध्ये कोण असतं, की कोणीच नसतं.

तिचं बाकीचं काम सांगायचं तर यादी मोठी होईल. स्टार ट्रेकच्या १९७३ च्या कार्टून मालिकेत ती स्टोरी एडिटर आणि सहनिर्माती होती आणि 'यस्टरइअर' तिने लिहिला, लहान स्पॉकचा. त्यात त्याचा पाळलेला प्राणी आहे, अस्वलाएवढा, सुळेवाला, म्हातारा झालेला, तो स्पॉकला वाचवताना जखमी होतो. उपचार केले तर जगेल पण वेदनेत. सात वर्षांचा मुलगा ठरवतो की त्याला शांतपणे जाऊ द्या. शनिवारी सकाळी मुलांनी बघायचं कार्टून आणि त्यात हे, चॅनेलवाल्यांना धाकधूक होती, तरी तिने ते तसंच ठेवलं. दादाच्या मुलीला मी दाखवलं तेव्हा ती चिडून म्हणाली, औषध होतं ना, मग दिलं का नाही? मी तिला काही उत्तर दिलं नाही, तिला दोन दिवस तो प्रश्न पुरला. पुढे १९८७ ला नव्या स्टार ट्रेकचा पहिला एपिसोड तिने रॉडेनबेरीबरोबर लिहिला, तरुण स्पॉकवरची 'व्हल्कन्स ग्लोरी' ही कादंबरी १९८९ ची, नंतर बॅबिलॉन फाइव्ह या मालिकेसाठी लिखाण, आणि शेवटची वर्षं अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये मुलांना लिहायला शिकवणं.

लोक म्हणतात तिने व्हल्कन संस्कृती उभी केली. असेल. मला वाटतं तिने अबोला लिहिला. इंग्रजीत या शब्दाला नेमका शब्द मला अजून सापडलेला नाही, आणि तरी तिला त्याचं सगळं माहीत होतं, की ज्याच्याशी बोलत नाही त्याच्याकडे जास्त लक्ष असतं, आणि मधल्या बाईचे हाल होतात. अमांडा किती दमलेली दिसते बघा. बाईने लिहिलं म्हणून अमांडा अशी झाली असं मी म्हणणार नाही. डोरोथीने काउबॉय लिहिले, पाणबुडीतल्यासारखे पाठलाग लिहिले, यान ताब्यात घेणारा कॉम्प्युटर लिहिला, तिला 'बायकांचं लिहिणारी' म्हटलेलं चाललं नसतं. पण कांदा चिरता चिरता थांबलेली आमची आई तिला दिसली होती, एवढं मला म्हणू द्या.

आमच्या घरचा अबोला काही कोणी ऑपरेशन करून संपवला नाही. चार-पाच वर्षांनी एकदा बाबा कोणाला न सांगता तलावपाळीवर गडकरीला गेले, बाल्कनीचं तिकीट काढलं, नाटक बघितलं आणि घरी येऊन आईला म्हणाले, "दुसऱ्या अंकात चंद्र चांगला आणला त्याने." आईने रात्री दोनला दादा आल्यावर त्याला उठून सांगितलं. दादा म्हणाला, "निळे जेल दोन लावले होते." जेल म्हणजे लाइटपुढे लावायचा रंगीत कागद. सकाळी आईने हे बाबांना सांगितलं. असं करत करत.

ती बातमी वाचली त्याच्या पुढच्या महिन्यात, जानेवारी २०२० चा एक रविवार, दादा ठाण्याला आला होता. आई नव्हती, तिला जाऊन सहा वर्षं झाली होती. बाबा ८३. मी म्हटलं, तो एपिसोड लावूया, अर्धा राहिलेला. मोठ्या टीव्हीवर लावला, रंगीत. बाबांना रंगाचं फार नवल वाटलं, स्पॉकचा शर्ट निळा आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं, आणि व्हल्कन लोकांचं रक्त हिरवं असतं हे तर नाहीच, आमच्याकडे सगळं करडं होतं. मी त्यांना सांगितलं की हे एका बाईने लिहिलंय, आधी टायपिस्ट होती. ते म्हणाले, "नाव काय?" मी पूर्ण नाव सांगितलं. त्यांनी ते एकदा नीट म्हणून बघितलं, डोरोथी कॅथरीन फाँटाना.

थोबाडीत मारायचा सीन आला, गेला. लाइट होती. पुढे कर्क जखमी असूनही ठीक असल्याचं सोंग करत येतो आणि खुर्ची घेतो, म्हणजे स्पॉकला जाता यावं, आणि स्पॉक जाऊन रक्त देतो. शेवटी बाप आणि लेक दवाखान्यात शेजारी शेजारी आहेत आणि दोघं मिळून अमांडाची हलकेच फिरकी घेतात. बाबांना आता कमी ऐकू येत होतं, आणि इंग्रजी तेव्हाही नव्हतं. दादा सोफ्यावरून उठून त्यांच्या खुर्चीच्या हातावर जाऊन बसला.

"बाबा, तो म्हणतोय..."

"ऐकतोय," बाबा म्हणाले, "आवाज जरा वाढव."